एका खळ्यावर दोन झेंडे

मी सासरी आले त्याच वर्षी सासऱ्यांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं बिनसलं. कारण काय, तर बांधावरचा एक फणस. घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली, विहिरीवर पाणी भरायच्या वेळा वेगळ्या झाल्या, आणि बायकांना ताकीद मिळाली की पलीकडच्यांशी अक्षरही बोलायचं नाही. पुरुषांना ते सोपं होतं. माझी अडचण अशी की पलीकडची सून म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. दोघी एकाच घरात दिल्या तर पोरींना एकमेकींची सोबत होईल, असा दूरचा विचार आमच्या वडिलांनी केला होता. सोबत झाली ती इतकी, की भिंतीपलीकडे आक्का तापाने कण्हत असली तरी मी ‘काय होतंय’ म्हणून विचारायचं नाही.

सामाईक उरलं ते एक खळं. मळणीच्या खळ्यात मधे खांब, खांबाला बैल बांधलेले, आणि ते गोल फिरणार. अर्ध्या खळ्यात बैल फिरत नाहीत, एवढं त्या दोघा शहाण्यांनाही कबूल करावं लागलं. मळणीआधी खळं शेणाने सारवायचं काम बायकांचं. रीत अशी, की प्रत्येक घराने आपापल्या कडेपासून सारवत मधल्या खांबापर्यंत यायचं. म्हणून दिवाळी झाली की एका सकाळी मी आणि आक्का खांबापाशी समोरासमोर येत असू. माना खाली, हात शेणात, आणि तोंडं अखंड चालू. बाकीचं वर्ष मी त्या एका सकाळच्या आशेवर काढत असे.

तेव्हा इंग्रज साहेबांचं राज्य होतं. आमच्या गावाजवळच्या अलिबागेत साहेब असून असून किती असणार, पण त्यांना गोल्फ खेळायचा होता. लांबून काठीने चेंडू मारत आणायचा आणि गुळगुळीत केलेल्या जागेतल्या खड्ड्यात घालायचा, खड्डा दिसावा म्हणून त्यात झेंडा रोवायचा, असा तो खेळ. त्या गुळगुळीत जागेला ते ‘ग्रीन’ म्हणत. भात कापून झाल्यावरच्या आमच्या रानात हिरवं म्हणून काही नसे, पण साहेबाने ग्रीन म्हटलं की ते ग्रीन. मोठा साहेब जागा बघायला आला तो नेमका आम्ही खळं सारवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. चांगली सपाट, चोपलेली, सारवलेली जागा, वर मधोमध खांब! गावाने आपल्या स्वागताला ग्रीन तयार ठेवलं, अशी त्याची खात्रीच झाली. तो इतका खूश झाला की त्याला खरं सांगायचं धाडस कुणाला होईना.

सासरे हात जोडून म्हणाले, “धनी, मग भात कुठं मळायचं?”

साहेबाच्या हेडकारकुनाने ते साहेबाला सांगितलं. साहेब मनाचा मोठा. त्याने हुकूम सोडला की या दोघा भावांना दोन टोकांना दोन नवी खळी करून द्या. दोघांचे चेहरे असे उजळले, जणू फणसाचा निकाल कोर्टाने दोघांच्याही बाजूने दिला. ज्याचं त्याचं खळं! मला मात्र तिथंच रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं, नव्या खळ्याचा आनंद झाला.

वर साहेबाने गावाला उपदेशही केला. खळं ऐसपैस होतं, म्हणून त्याने त्यावर एकाऐवजी दोन खड्डे पाडले आणि दोन झेंडे लावले. खेळत जाणाऱ्यांचा एक, खेळत परत येणाऱ्यांचा एक. जोडग्रीनचे फायदे तो सांगत होता आणि हेडकारकून मराठीत आम्हाला ऐकवत होता. जागा कमी लागते. पाणी कमी लागतं. शिवाय दोन बाजूंनी आलेली माणसं एका जागी भेटतात, एकमेकांसाठी थांबतात, टोपी काढून रामराम करतात, त्याने स्वभाव सुधारतो. हिंदी माणसाने यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. सासरे आणि त्यांचे भाऊ दोन बाजूंना तोंडं करून मन लावून ऐकत होते.

पण साहेबाच्या ग्रीनलाही शेण लागतंच. चार दिवस वारा खाल्ला की खळ्याला भेगा पडतात आणि चेंडू भलतीकडे पळतो. मग पट्टेवाला आला आणि दोन्ही दारांत हुकूम सांगून गेला: दर शनिवारी सकाळी प्रत्येक घराने एक बाई धाडून आपापली बाजू सारवायची. सासूबाईंचे गुडघे धरलेले, पलीकडच्या थोरल्या सासूबाईंना दमा. राहिल्या सुना! वर्षातून एकदा भेटणाऱ्या आम्ही दर शनिवारी भेटू लागलो. जोडग्रीनचा हा फायदा साहेबाने सांगितला नव्हता.

रविवारी खेळ चाले आणि सगळं गाव बांधावर बसून बघे. सुरुवातीला टोप्या निघत होत्या. पुढे एकदा मोठ्या साहेबाचा चेंडू मिठाच्या खात्यातल्या साहेबाच्या झेंड्यापाशी जाऊन पडला आणि आधी कोणी मारायचं यावरून दोघांची जुंपली. पुढच्या रविवारी त्यांनी टोप्या काढल्या नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारी ते एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. सासऱ्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, “ह्यांच्यात बी फणस हाय वाटतं.”

मिठाच्या साहेबाने खळ्याच्या मधोमध चुन्याची रेघ मारून घेतली. शनिवारी आम्ही सारवलं की ती पुसली जाई, रविवारी पुन्हा मारत. शेवटी त्याने स्वतःसाठी निराळं ग्रीन मागितलं, पार ओढ्याच्या पलीकडे, आणि ते आमच्या घराने सारवायचं ठरू लागलं. आक्काला हे सांगताना माझा हात थांबला. ती म्हणाली, “सारव गं, ओटीवरनं बघतात ते.” आणि तिने सारवून झालेलीच जागा पुन्हा सारवायला घेतली.

ते ग्रीन व्हायच्या आधीच मोठ्या साहेबाची बदली झाली. नवा साहेब बंदूक घेऊन डुकरांमागे फिरणारा. त्याला गोल्फचं नाव नको होतं. झेंडे उपटून नेले, खड्डे बुजले, रविवारी बांधावर कुणी बसेनासं झालं.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखी शेणाची पाटी डोक्यावर घेतली. सासरे ओटीवर होते. “आता कशाला? साहेब तं गेला.”

मी पाटी तशीच डोक्यावर धरून म्हटलं, “साहेब गेला, पण हुकूम मागं घेतला असं कुणी सांगितलं न्हाय.”

ते विचारात पडले. कचेरीत जाऊन विचारायचं तर पट्टेवाल्यापासून सगळ्यांसमोर वाकायचं. गावात विचारायचं तर भावाला कळणार. शिवाय आपली बाजू कोरडी राहिली आणि थोरल्याची सारवलेली दिसली, तर तो कचेरीत चुगली करणारच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. “जा मग,” ते म्हणाले, “पण नीट सारव. त्यांच्यापेक्षा कमी दिसाया नको.”

खळ्यावर आक्का आधीच पोचली होती. तिच्याही घरी शब्दन् शब्द हेच झालं होतं. आम्ही इतक्या हसलो की हसता हसता रडलो, आणि मग खरोखरच सारवायला बसलो, कारण दोन्ही ओट्यांवरून दोघं म्हातारे बघत होते.

पावसाळा सोडला तर कितीतरी वर्षं आम्ही त्या रिकाम्या खळ्याला शेण लावलं. तिथंच आक्काने मला तिच्या पोराचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तिथंच आम्ही आई गेल्याचं रडलो. एखाद्या शनिवारी मला उशीर झाला की सासरेच घाबरेघुबरे होऊन ओरडत, “अगो, नीघ की! त्यांची सून कवाच गेली!”

मी पाटी उचलून धावत सुटत असे.