माझं नाव सांगितलं तरी देऊ नकोस

लिफ्टवाल्याला कामावर सगळे लिफ्टवालाच म्हणत. परक्या देशात आल्यापासून त्याचं आयुष्य उंच इमारतींच्या पोटात चाललं होतं. कुठे लिफ्टचं दार अडकलं की याला हाक. अंगावर ग्रीसचा वास असा मुरलेला, की अंघोळ करूनही तो आधी पोचायचा आणि हा मागून.

त्या दिवशी सुट्टी टाकून तो खोलीवरच बसला होता. मायदेशी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख होती. कमाई इकडची असली तरी तिकडे बँकेत ठेव होती, तिच्या व्याजातून कर कापला जायचा. आणि घरी परतून दुरुस्तीचं दुकान टाकायचं, तर कर्ज देणाऱ्या बँकेला विवरणपत्रं सलग, वेळेत भरलेली हवी होती. आज चुकलं की दुकान लांबलं, आणि घरही.

शेजारी त्याचा खोलीतला सोबती, धंद्यानं रंगारी. पण शब्दाशब्दाला मुद्दे काढायचा म्हणून त्याला नाव पडलं होतं वकील. संगणक त्याचा, म्हणून रुबाबही त्याचाच.

"निवासी की अनिवासी?" वकिलानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तू आता तिथे राहत नाहीस."

"असं कसं? आई आहे की माझी तिथे."

"अरे, करापुरतं! आईला कोण काढून घेतंय तुझ्याकडून?"

अनिवासी. त्यानं मान हलवली, वकिलानं खूण केली. मग पडद्यावर आलं, नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. नंबर त्याचा जुना होता, आणि तो बटणांच्या फोनात घालून आईच्या उशाशी. एरवी बोलणं व्हायचं ते शेजारणीच्या घरी, शेजारणीच्या फोनवर, व्हिडिओत तोंड बघून. नेमकी आज ती बाहेरगावी. त्यानं स्पीकर लावून थेट जुना नंबर फिरवला. सर्दीनं त्याचा घसा पार बसला होता.

"आई, फोनवर आकडे आलेत बघ. पटकन वाच."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी! कोण काय विचारतेस?"

"माझ्या मुलाचा आवाज असा नाही. मेल्या, म्हातारी बघून लुटायला निघालास होय?" आणि फोन बंद.

वकील फिस्सकन हसला. "तूच शिकवलंस ना तिला?"

शिकवलं होतंच. मागे एकदा कुणी भामटा बँकेच्या नावानं आकडे मागत होता, तेव्हा यानंच तिला पढवलं होतं, कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत. माझं नाव सांगितलं तरी देऊ नकोस. म्हातारीनं ते देवाच्या शब्दासारखं जपलं होतं.

ओटीपीची मुदत संपली. वकिलानं दुसरा मागवला. लिफ्टवाल्यानं पुन्हा फोन लावला.

"आई, ठेवू नकोस गं. काहीही विचार मला. वाटेल ते विचार."

या वेळी आईनं फोन ठेवला नाही.

"माझा मुलगा ना तू? मग सांग, आपलं पुढचं दार कसं उघडतं?"

याचा जीव भांड्यात पडला. "कडी धरून थोडं वर उचलायचं आणि खांद्यानं ढकलायचं. खाली घासतं ते."

"ते दार बदललं," आई म्हणाली. "जाऊन दोन वर्षं झाली त्याला."

वकिलानं मान खाली घातली. आता फोन बंद होणार, असं धरून लिफ्टवाला बसला.

"लिहून घे," आई म्हणाली. आवाज ओला झाला होता. "लुच्चा असता तर बाहेर उभं राहून नवं दार बघून आला असता. जुनं दार माझ्या लेकाशिवाय कोण सांगणार?"

तिनं एकेक आकडा सावकाश वाचला. वकिलानं तो टाकला. "गेलं," तो हळूच म्हणाला. "पोचलं."

लिफ्टवाल्यानं पडद्याकडे पाहिलंही नाही. "मला सांगितलं का नाहीस, आई?"

"सांगून? तिकडून रंधा मारणार होतास?"

"नवं कसं उघडतं?"

"बाहेरच्या बाजूला. आलास की ओढ. सवयीनं ढकलत बसू नकोस."