आवाराबाहेरचा गोठा

अमरावतीच्या एका कापसाच्या आवारात माझी आई चरकी फिरवायची. दोन लाकडी रूळ एकमेकांना घासून फिरत. त्यांच्यात कापूस घातला की रुई पलीकडे निघायची आणि सरकी अलीकडे पडायची. बायकांच्या अशा कितीतरी ओळी होत्या. कुठे अमेरिकेत लढाई पेटली होती म्हणे, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाड्यांमागून गाड्या यायच्या. चरकी थांबलेली मुकादमाला खपायची नाही.

मी अकरा वर्षांची होते. कापसातली पत्ती वेचायची आणि दहा महिन्यांच्या बहिणीकडे लक्ष ठेवायचं, हे माझं काम. लक्ष ठेवायचं म्हणजे फार काही नाही, कारण ती झोपलेलीच असायची. सगळीच तान्ही मुलं झोपलेली असत. सकाळी आया अफूचा तिळाएवढा गोळा नखावर घेऊन मुलाच्या हिरडीला लावत आणि कापसाच्या ढिगाआड त्याला निजवून चरकीवर बसत. माझी आईही लावायची. तो काळच तसा होता, असं म्हणून मी तिला सोडवत नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, एवढंच सांगते.

एका दुपारी आमच्या शेजारची बाई मुलाला पाजायला उठली. तेल्हाऱ्याकडची होती, उंच, नवरा मेल्यावर पोटासाठी अमरावतीला आलेली. तिनं मुलाला उचललं तर त्याचे ओठ निळे पडलेले. मान मागे लोंबली. ती ओरडली तेव्हा सगळ्या चरक्या एकदम थांबल्या.

मुकादम धावत आला. "काय झालं व? खाली बस. गाड्या उभ्या हायेत बाहेर."

ती बसली नाही. मुलाला छातीशी धरून नुसती हंबरत होती. त्यानं काठी तिच्या खांद्यावर मारली. मग पाठीवर. ती वाकली, पण मूल सोडलं नाही. तिसरी, चौथी. काठी मुलाच्या पायावर लागली तेव्हा आवाज वेगळा आला. तेवढ्या बायकांमधली एकही उठली नाही. माझी आईही उठली नाही. मी ते तिला जन्मात कधी बोलून दाखवलं नाही.

उठली ती बाहेरची. फाटकाशी वांगी विकणारी एक म्हातारी माळीण होती, तिला सगळे बुढीमाय म्हणत. ती टोपलं टाकून आत आली आणि पुढची काठी तिनं आपल्या हातावर घेतली. "मेलेल्याले मारून राहिला काय रे?" एवढंच म्हणाली आणि त्या बाईला ओढत बाहेर घेऊन गेली.

संध्याकाळी ती आमच्या झोपडीत आली. हात कोपरापर्यंत काळानिळा झालेला. आईला म्हणाली, "उद्यापासून पोट्टे माह्या गोठ्यात आणून टाक. साऱ्याइले सांग. अफू लावून आणली त त्याच पावली वापस पाठवीन."

तिचा गोठा आवाराच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, वांग्याच्या वाफ्यांच्या कडेला होता. बैल राहिले नव्हते. आम्ही शेण खरवडून काढलं, भुई सारवली, आढ्याला गोणपाटाच्या झोळ्या बांधल्या. पहिल्या दिवशी पाच मुलं आली, संक्रांतीपर्यंत झोळ्यांना जागा पुरेना. अफू सुटलेली मुलं दोन दिवस अशी किंचाळायची की कानात बोटं घालावी. तेल्हाऱ्याची बाई आवारात परत गेलीच नाही. तिचं दूध आटलं नव्हतं. जे मूल रडेल ते ती पदराखाली घ्यायची, कोणाचं, कोणत्या जातीचं हे विचारायची नाही. सुरुवातीला काही आयांनी नाकं मुरडली. मग त्याही गप्प झाल्या.

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला एक कोष्टी येऊन बसला. कापूस सगळा गाठी बांधून जात होता, सूत मिळेना, त्याचा माग बंद पडला होता. बुढीमायनं त्याला जागा दिली आणि बदल्यात अट घातली, मोठ्या पोरींना विणायला शिकवायचं. आम्ही सात जणी होतो. मिळेल त्या जाड्याभरड्या सुतावर तो आमच्याकडून आधी खाटेच्या निवारीच्या पट्ट्या विणून घ्यायचा. हा कोष्टी दरवर्षी सुगीनंतर गावात दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ व्हायचा तेव्हा त्यात बाईचं सोंग घ्यायचा. दुपारी हात थकले की तो टिपऱ्या काढायचा, कमरेला पदर खोचायचा आणि लहान मुलांना गोल उभं करून नाचायला शिकवायचा. त्याचा आवाज असा होता की वाफ्यात पाणी देणारी बुढीमाय घागर खाली ठेवून ऐकायची.

आवारात पत्ती वेचायला पोरी कमी पडल्या तसा मुकादम गोठ्याच्या दारात आला.

"आठ वर्षांवरची पोट्टी आवारात पायजे."

"नाई येत," बुढीमाय म्हणाली.

"काहून नाई येत?"

"शिकून राहिल्या."

तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं फाटकच बंद केलं. आया त्या वेळी गोठ्यात पाजायला यायच्या. इकडे झोळ्यांमध्ये मुलं रडत होती, तिकडे कुंपणाआड बायकांच्या चोळ्या ओल्या झाल्या होत्या. माझी आई कुंपणावर चढली. एक पाय अलीकडे टाकला होता तिनं. मुकादमानं दुसरा धरून ओढला. ती हातावर पडली आणि मनगटातून हाड बाहेर आलं. मी गोठ्याच्या दारातून पाहत होते. हाड इतकं पांढरं असतं हे मला माहीत नव्हतं.

या वेळी बायका उठल्या. फाटकाचा अडसर मोडून सगळ्या बाहेर आल्या, आईला उचलून गोठ्यात आणलं. मुकादम बाजूला सरकला, आणि आम्हाला वाटलं, संपलं.

तासाभरानं तो चार माणसं घेऊन आला. बायका पाजून परत गेल्या होत्या. गोठ्यात आम्ही पोरी, मुलं, मोडक्या हाताची आई, बुढीमाय, तेल्हाऱ्याची बाई आणि कोष्टी. चुलीवर खळ उकळत होती. खळ म्हणजे ज्वारीच्या पिठाची पेज, सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात.

दोघांनी कोष्ट्याला मागावरून उपटून काढलं. त्याचे हात मागाच्या लाकडावर दाबून धरले आणि तिसऱ्यानं कुऱ्हाडीच्या उलट्या तोंडानं बोटं ठेचली. एकेक करून. तो मोठ्यानं ओरडला, मग त्याच्या तोंडून आवाजच येईना. चौथा झोळ्यांचे दोर विळ्यानं कापू लागला. पहिलं मूल धप्पकन भुईवर पडलं. दुसरं पडायच्या आत तेल्हाऱ्याची बाई त्या माणसावर झेपावली आणि त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की दातात मांस आलं. बुढीमायनं खुरपं घेतलं आणि समोर येईल त्याच्यावर चालवलं. एकाचा कान लोंबताना मी पाहिला.

मुकादम माझ्या आईकडे निघाला होता. तिच्या कुशीत माझी बहीण होती. त्यानं काठी उचलली.

मी खळीचं मडकं फडक्यानं धरलं आणि त्याच्या तोंडावर उपडं केलं.

खळ पाण्यासारखी ओघळून जात नाही. चिकटते. तो दोन्ही हातांनी चेहरा पुसायला गेला आणि हाताबरोबर कातडी आली. तो गुरासारखा ओरडत बाहेर पळाला, वाफ्यात लोळला. त्याची माणसं त्याला उचलून पळाली. आणि मला आनंद झाला. मी हे पहिल्यांदाच सांगते आहे. भीती, दया, काही नाही. पोट भरल्यासारखा आनंद झाला. अजून थोडी खळ असती तर बरं, असं वाटलं.

भीती नंतर आली, शिपाई आले तेव्हा. त्यांनी विचारलं, मुकादमाला कोणी जाळलं? मी उभी राहिले. तोंड उघडणार तोच बुढीमायनं माझं तोंड दाबून डोकं आपल्या मांडीत घेतलं, जशी काही मी भेदरलेली होते. भुईवर पडलेला कोष्टी म्हणाला, "म्या ओतली."

शिपायानं त्याच्या हातांकडे पाहिलं. "या हातांनी?"

"पहिले म्या ओतली. मंग त्याइनं हात मोडले."

मुकादमानं ते खोडून काढलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीनं जाळलं हे सांगायची त्याला लाज वाटली असावी. ज्यांनी बोटं ठेचली त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. कोष्ट्याला कचेरीपुढच्या मैदानात वेताचे फटके मारले. आवारातल्या सगळ्या बायका पाहायला गेल्या होत्या, मीही गेले होते. हातांना चिंध्या बांधलेल्या, त्यामुळे शिपायांनी त्याला दंडाला धरून खांबाला बांधलं. मी फटके मोजले नाहीत. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, पण मिटले नाहीत.

तिथून बायका आवारात गेल्या, चरक्यांपुढे बसल्या आणि कोणी हात हलवला नाही. तीन दिवस. शिव्या झाल्या, धमक्या झाल्या, दोघींना केसांना धरून फरपटत बाहेर काढलं. त्या परत येऊन बसल्या. गाड्यांची रांग बडनेऱ्याच्या वाटेवर लांबत गेली. चौथ्या दिवशी मालक स्वतः आला. दुपारी पाजायला सोडू, गोठ्याकडे कोणी फिरकणार नाही, एवढं कबूल करून गेला. नवा मुकादम आला. तोही काही देव नव्हता, पण काठी खाली धरायचा.

आईचं मनगट वाकडंच जुळलं. खाली पडलेलं ते पहिलं मूल चार दिवसांनी गेलं. त्याची आई गोठ्यात येऊन दुसऱ्यांची मुलं झुलवत बसायची. मला ते बघवायचं नाही.

खूप दिवस मी कोष्ट्याच्या समोर जायचं टाळलं. शेवटी एकदा पाठीला तेल लावायला बुढीमायनं मलाच पाठवलं. वळ अजून उंच होते.

"काका, तुमी काहून सांगतलं तसं?"

"हात त गेलेच होते माये. पाठ कोरी होती."

मी रडले. तो म्हणाला, "रडून नको राहू. तेल पडून राहिलं खाली."

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, आवार ओस पडलं. गोठा मात्र चालत राहिला, मुलं कमी झाली एवढंच. कोष्ट्याच्या बोटांत पुन्हा मागाचा धोटा आला नाही. तो बाजूला बसून सांगायचा आणि मी विणायचे. दोन वर्षांनी मी पहिलं अख्खं लुगडं मागावरून उतरवलं. बोटांना काही समजत नव्हतं, म्हणून त्यानं कापड गालावर फिरवून पाहिलं, टोकापासून टोकापर्यंत, हळूहळू. पदराजवळ थांबला.

"हे इथं ढिलं हाय. उसव."

मी उसवायला बसले.