डायनासुराची मान

जत्रेतल्या खेळांवरून भांडणारी माणसं आमच्या पारनेर तालुक्यात जितकी आहेत तितकी आणखी कुठे असतील असं मला वाटत नाही. पाळणा यांचा नसतो, जागा यांची नसते, तिकीटसुद्धा बहुतेक वेळा यांचं नसतं. पण कोणत्या गावचा मौत का कुआँ खरा आणि कोणत्या गावचा नुसता आवाज, यावर चहाच्या टपरीवर बसून हे लोक गळ्याच्या शिरा ताणतात. चैत्र लागला की या जत्रेतून त्या जत्रेत हिंडायचं, आकाशपाळण्यात एकदा बसायचं आणि पुढं वर्षभर त्यावर बोलत राहायचं. मी त्यांना शौकीन म्हणतो. हे झालं तोंडावर. माघारी काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

माझी नागापूरला, एमआयडीसीत, वेल्डिंगची शेड आहे. दुसऱ्याच्या शेडमध्ये झाडू मारत मी वेल्डिंग शिकलो आणि मग माझी उभी केली. तिच्यातला पत्रा न् पत्रा मी भांडून घेतलेला आहे. ज्याने मला पहिला भाव सांगितला आणि मी तो दिला, असा दुकानदार नगरच्या बाजारात सापडायचा नाही. कारखान्यांची कामं मंदावली की मी जत्रेवाल्यांची कामं घ्यायचो. पाळण्याची बेअरिंगं बदल, भूतबंगल्यातल्या सांगाड्याचा जबडा हलता कर, असली.

पण ज्या गावात जन्मलो, त्या गावाच्या जत्रेत मला कोणी बोलावलं नव्हतं. तिथे मी अजून 'पत्रेवाला' होतो. आमच्या गावची पद्धत अशी की जत्रेच्या शेवटच्या दिवशी, कुस्त्यांचा हगामा सुरू व्हायच्या आधी, आखाड्यात उभं करून मान देतात. ज्याचा देखावा त्या वर्षी गाजला त्याला फेटा आणि नारळ, सगळ्या गावासमोर. लहानपणी मी हे सारं झाडावर बसून बघायचो, कारण खाली आम्हाला कोणी जागा देत नसे. तो नारळ मला पाहिजे होता. सरळ सांगतो, बाकी काही नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. टीव्हीवर जी पौराणिक मालिका गाजेल तिचा देखावा पुढच्या चैत्रात आमच्या मैदानात उभा राहायचा. बाणांच्या टोकाला लाल बल्ब, राक्षसांच्या तोंडात फटाके. हे सगळं आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांच्या हातात होतं. फेटाही दरवर्षी त्यांच्याच डोक्यावर. मग नगरच्या थिएटरात तो अजस्र जनावरांचा इंग्रजी सिनेमा हिंदी बोलत आला. शौकीन टेम्पो भरून गेले आणि ताप आल्यासारखे परत आले. त्यांचा म्होरक्या गावातला व्हिडिओवाला. त्याच्याकडे रंगीत टीव्ही होता आणि कॅसेट भाड्याने देता देता त्याला आपण सिनेमाच काढतो असं वाटायला लागलं होतं.

"मालिका लई झाल्या," तो टपरीवर म्हणायचा. "आता पब्लिकला इंटरनॅशनल पाहिजे."

"इंटरनॅशनल म्हंजी काय रं?"

"जे आपल्याला कळत न्हाई, पन आवडतं."

या एका बाबतीत तो चुकला नव्हता.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष बैलबाजारात दलाली करायचे. ते माझ्या शेडवर आले. खुर्ची दिली तर तिचे पाय हलवून बघितले, मग बसले.

"पत्रेवाले, जनावर पाहिजे. सिनेमातलं."

"किती मोठं?"

"देवळाच्या शिखरापरीस बारकं. बाकी तुमची हौस."

मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला. गोष्ट पाहिली नाही, फक्त मान पाहिली. त्या जनावराचा सगळा जीव मानेत असतो. पाय कसलेही चालतात, पोट पोत्यांचं चालतं, पण मान खोटी झाली की पोरंसुद्धा हसतात. म्हणून मान मी मन लावून केली. सायकलच्या चेन, भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर, एकावर एक बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या, वरून रेक्झिन. बटण दाबलं की ती डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, मग सावकाश खाली येऊन समोरच्याचा वास घ्यायची आणि पुन्हा वर जायची. हिवाळा सगळा त्यात गेला. आमच्या घरातून मला ऐकवण्यात आलं, "एवढं ध्यान माझ्या मानेकडं दिलं असतं तर बाम तरी वाचला असता."

जनावर गावात पोचलं, मैदानात उभं राहिलं, आणि पाटी रंगवायचं काम कमिटीने ड्रॉइंग मास्तरांना दिलं. मास्तरांनी सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलं: 'अजस्र डायनासुर'.

सोर नाही. सुर.

ते चुकून झालं की मुद्दाम, हे मला आजही सांगता येणार नाही. माझं मत आहे, पण ते राहू द्या. पाटी लागली आणि संध्याकाळपर्यंत अख्खं गाव 'असुर आणलाय, असुर आणलाय' म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मांडवात बैठक बसली. सगळ्यात पुढे एक म्हातारे माळकरी बसले होते. त्यांनी तोंड उघडलं.

"असुर हाय तर त्येला मारनार कोन?"

"आबा, असुर न्हाई हो त्यो," व्हिडिओवाला उठला. "प्राणी हाय. लाखो वर्षांपूर्वी हुता."

"मग असुर कवा हुते? परवाच्याला?"

मांडव हसला. आपल्याला कोणी हसावं याची व्हिडिओवाल्याला सवय नव्हती, कारण त्याच्या दुकानात तोच बोलायचा.

"सायन्स हाय ते, आबा. सायन्स."

"असंल. सिनेमात त्येला कोन मारतं?"

"कोनच न्हाई. शेवटाला त्योच जिततो."

"आन् असला सिनेमा तू पोराबाळांला दावतो व्हय रं?"

मग मास्तर उठले. मास्तर पुस्तकातल्यासारखं बोलायचे. "देवीच्या जत्रेत असुर उभा करायचा आणि वध करायचा नाही, हे काही योग्य नव्हे. देवीची मूर्ती मी देतो. आठ हात, हातात त्रिशूळ. यांनी फक्त एवढंच करावं, त्रिशूळ लागला की मुंडकं धडावेगळं व्हावं."

फक्त एवढंच! म्हणजे माझ्या चेन मधोमध तोडायच्या, माझ्या चकत्या कापायच्या आणि वर दर खेळाला ती मान उचलून पुन्हा चिकटवायची. माझं डोकं फिरलं. मी मास्तरांना काय काय बोललो त्यातलं "तुमचं खोडरबर नाही हे, घासलं की गेलं" एवढंच इथे लिहितो. सिनेमावाले माझ्या बाजूने ओरडू लागले, मालिकावाले मास्तरांच्या. एक शौकीन म्हणाला, शेजारच्या गावात असुर मरताना धूर सोडतात, आपण पण सोडू. दुसरा म्हणाला, धुराचं जुनं झालं. देवीच्या जत्रेत देवीबद्दल बोलणारा त्या मांडवात एकही माणूस नव्हता.

अध्यक्षांनी मला हाताला धरून मांडवाच्या मागे नेलं. तिथे त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरायची, ज्याला पटेल त्याने मान हलवायची, शेजारच्याला पत्ता लागत नाही.

"इथे कसला भाव करताय?" मी विचारलं.

"वारांचा. देवीनं किती वार करायचं ते बोला."

त्यांनी माझी पाची बोटं मुठीत धरली. मी त्यांची बोटं सोडवून एकच धरलं. ते तीनवर आले. मी एकावरच. आयुष्यात कशाकशाचा भाव केला, पण जनावराने किती मरायचं याचा भाव मी त्याच दिवशी केला, आणि खरं सांगायचं तर मजा आली. शेवटी ठरलं. वार एकच. तोडायचं काही नाही. त्रिशूळ टेकला की डोकं खाली जाईल, तोच वध समजायचा.

उपरणं अजून हातावर होतं. मला वाटलं, हा गडी नरमलाय, आता मुख्य गोष्ट मागून घ्यावी.

"आणि अध्यक्ष, मान मला पाहिजे."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"दिली," म्हणाले, आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

मी खूश होऊन नागापूरला आलो. भाव जिंकल्यावर माणूस बहिरा होतो.

पहिल्याच खेळाला मैदान भरलं. देवी मास्तरांची, लाकडी, डोळे जरा जास्तच मोठे. तिचा हात पुढे आला, त्रिशूळ जनावराच्या कपाळाला टेकला आणि माझी मान सावकाश खाली आली, थेट देवीच्या पायांपाशी. तिथे तिने वास घेतला. मग पुन्हा वर गेली, कारण मोटर फिरत होती आणि मोटरला वध म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मास्तर चरफडले, "हा मेलाच नाही!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईने दोन्ही हात जोडले. "अगं बाई, पाया पडतंय! असुर असून पाया पडतंय!"

झालं. नारळ फुटू लागले. बाया पोरांना उचलून पत्र्याच्या पायाला हात लावायला लावत होत्या. व्हिडिओवाला म्हणाला, "मी सांगितलं हुतं, इंटरनॅशनल चालनार." मास्तर म्हणाले, भक्तिभाव हीच तर मूळ कल्पना होती. जत्रेचे सगळे दिवस शौकिनांचा एकच वाद: ते सिनेमातल्यासारखं आहे म्हणून भारी की सिनेमातल्यासारखं नाही म्हणून भारी. ते केलं कोणी, हा प्रश्न वादात आला नाही.

हगाम्याच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून आखाड्याच्या कडेला उभा राहिलो. कर्ण्यावरून पुकारा झाला. फेटा आणि नारळ, सर्वोत्कृष्ट देखाव्यासाठी, आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. हलगी वाजली. मास्तरांनी फेट्यासाठी डोकं असं वाकवलं की माझ्या जनावराने वाकवावं.

मी भर आखाड्यात अध्यक्षांना गाठलं. "मान माझा ठरला होता! उपरण्याखाली!"

"हळू बोला, पैलवान बघत्यात."

"बघू द्या! मी मागितला होता का नाही?"

"मागितलं हुतं की तुमी. मान पाहिजे म्हणलात." ते थंडपणे तंबाखू मळत होते. "आमी काय म्हणलो? दिली. दिला म्हणलो असतो तर नारळ तुमचा हुता. मान दिली. जशीच्या तशी हाय का न्हाई? एक चकती तरी तुटली का?"

बत्तीस वर्षं वयाचा, बाजारात कुणाला हार न गेलेला मी माणूस, एका वेलांटीत विकला गेलो. शेजारचा पैलवान हसला. त्याला काही कळलं नव्हतं, तरी हसला.

पुढच्या चैत्राआधी अध्यक्ष पुन्हा शेडवर आले. खुर्ची हलवली, बसले. शेजारच्या गावांनी विमान आणलंय, बोलणारं माकड आणलंय, आपला डायनासुर परत पाहिजे, लोक इचारत्यात.

"डायनासुर ना?" मी म्हणालो. "दिला."

त्यांनी चमकून पाहिलं. पण मी हसत होतो, म्हणून तेही हसले.

जत्रेनंतर शेडवर परत आणलेलं जनावर मी टेम्पोत घालून पाठवलं. पाय, पोट, शेपूट, सगळं. मान काढून शेडमध्ये ठेवली. खांद्यांच्या मधे नुसतं भोक. टेम्पोबरोबर मी स्वतः गेलो, कारण अध्यक्षांचं तोंड मला बघायचं होतं. त्यांनी ताडपत्री उचलली आणि बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले.

"मुंडकं कुठं हाय?"

"मान माझी. तुम्हीच दिली, गेल्या साली. डायनासुर मागितला, तो दिला."

त्या वेळी मला जो आनंद झाला तो फेट्यानेसुद्धा झाला नसता. तो संध्याकाळपर्यंत टिकला.

संध्याकाळी मास्तर लाल रंगाचा डबा घेऊन आले. भोकाच्या कडेने त्यांनी ओघळ रंगवले, देवीच्या एका हातात कागदाच्या लगद्याचं मुंडकं लटकवलं, आणि पडदा उघडला. गर्दी अशी ओरडली की माझ्या टेम्पोच्या काचा वाजल्या. तेच म्हातारे माळकरी पुढे बसले होते. "आता कसं," ते म्हणाले. "गेल्या साली पाया पडला, तरी बाईनं सोडला न्हाई."

व्हिडिओवाला माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "क्लायमॅक्स बदलला राव तुमी. सिनेमापरीस भारी." आणि शेवटच्या दिवशी मास्तरांना फेटा, नारळ आणि या वेळी शालसुद्धा.

मान अजून शेडच्या दारावर टांगलेली आहे. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की मी बटण दाबतो. ती डावीकडे बघते, उजवीकडे बघते, मग सावकाश खाली वाकून त्याचा वास घेते. लोक दचकतात, हसतात, काही जण हात जोडतात. अध्यक्ष कधी आले तर तिच्याखालून जरा वाकूनच आत येतात. खांद्यावर उपरणं असतं. मी त्यांना सांगतो, ते तिथेच राहू द्या. जे बोलायचं ते मोठ्याने बोला, आणि व्याकरण सांभाळून बोला.