पाहुण्यांसाठी ठेवलेला डबा

कमलवहिनी जाऊन आता महिना होईल. झोपेतच गेली. सकाळी तिचा मुलगा विजय माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "आत्या, आई उठून नाई राह्यली..." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी चामोर्शीला तिच्याच घरी होते. ऐंशी पार केलेली वहिनी माझं सगळं करत होती आणि मी खुर्चीत बसून तिच्यावर चिडत होते. तरीही वहिनीची आठवण निघाली की मला आधी हसूच येतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. ती नवी सून म्हणून आली आणि त्याच पावसाळ्यात बाबांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण बाबा खाटेवरून उठेनात. दिवसभर धानाच्या बांध्या तुडवणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला... आम्ही फार घाबरलो होतो. चांद्याच्या डॉक्टरांनी ओट्सचा डबा दिला. गरम पाणी घातलं की झटपट पेज तयार! बाबांनी एक घोट घेऊन वाटी सरकवली. "हा घोड्याचा दाणा हाये. मी काऊन खाऊ?" आई रडकुंडीला आली.

वहिनीने ते ओट्स तुपावर भाजले, त्यात कणिक, गूळ आणि बाजारातली चारोळी घातली, पातेल्यात वाळू तापवून आत बिस्किटांची ताटली ठेवली आणि झाकणावर निखारे. पहिला घाणा दगड झाला. कुत्र्यानेसुद्धा हुंगून सोडून दिला. दुसरा मात्र असा जमला की वासाने शेजारीण डोकावली. बाबांनी तोंड फिरवलं. "त्याच दाण्याचे ना?"

वहिनीने वाद घातला नाही. बिस्किटं डब्यात भरून डबा खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "बाई, पाहुण्यांसाठी हाये. कोनी हात लावू नोका." दुपारी बाबांच्या मिशीत चुरा! वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मांजर आली होती वाटते." दुसऱ्या दिवशी डबा समोरच्या फळीवर गेला. मग स्वयंपाकघरात, मग पडवीत. मांजर भिंत धरत धरत त्याच्या मागे. वहिनी खरंच डबा लपवते आहे असं मला वाटायचं. आईने मात्र सगळं ओळखलं होतं. शेवटी डबा शेतावर, बांधीवरच्या झोपडीत पोचला आणि बाबाही काठी टेकत तिथवर गेले. सून शेरास सव्वाशेर निघाली, असं ते मग गावभर सांगत फिरले.

ही बिस्किटं तिने जन्मभर केली. यंदाही डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून मला ऐकवलं, "बाई, पाहुण्यांसाठी हाये."

"वहिनी, मी काही बाबा नाही. इथे आणून दे."

ती हसली, पण दिला नाही. मीही हट्टाला पेटले, खुर्ची सोडली नाही. आणि ती गेली...

तेरवी झाली. दुपारी घर निजलं होतं. मी भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेले आणि डबा काढला. तिच्या हातची बिस्किटं जराशी मऊ पडली होती. एक खाल्लं, पोटभर रडले, मग आणखी एक खाल्लं. मागून विजयचा आवाज आला.

"आत्या! तू इथवर चालत आली?"

मी पदरावरचा चुरा झटकला. "मी नाई रे. मांजर आली होती."