तिसरं बटण

आमच्या ह्यांचा धंदा शिवणकामाचा, पण खोड नसत्या उठाठेवीची. दुकानात मशीन हे चालवतात आणि काज-बटण माझ्याकडे. तीस वर्षं मी त्याच स्टुलावर बसून ह्यांचे प्रताप बघतेय. कोणी पँटची उंची कमी करायला देतं. हे उंची कमी करतात, मग उगाच खिशात हात घालून बघतात. खिसा फाटका निघाला की झालंच. तो शिवतात, सुटत आलेलं हुक घट्ट करतात, गुडघ्यापाशी विरलेल्या जागी आतून ठिगळ देतात आणि गिऱ्हाइकाला त्यातलं एक अक्षर सांगत नाहीत. गिऱ्हाईक उंची तेवढी बघतं आणि चालू लागतं. मी म्हणते, निदान सांगा तरी. तर म्हणतात, सांगितलं की ओझं होतं त्यांना. आता ह्यावर काय बोलणार? मी बोलतेच म्हणा.

एकदा समोरून जाणाऱ्या एका साहेबाच्या कोटाची पाठ उसवलेली दिसली, म्हणून हे सुई-दोरा घेऊन मागे धावले. साहेबाला वाटलं पाकीटमार, तोही धावला. दोन चौक पळापळ झाली, तोवर शिवण आणखी वीतभर उसवली. शेवटी दोघंही दमल्यावर ह्यांनी त्याला विजेच्या खांबाशी उभं करून टाके घातले. साहेब जाताना पाकीट चाचपत गेला.

तर त्या बाई. शाळेत शिकवतात, आमच्या गल्लीत नवीनच राहायला आलेल्या. नवऱ्याचा पांढरा शर्ट घेऊन आल्या. बाह्या लहान करून द्या, घरात आता मीच घालते, म्हणाल्या. शर्टाची सगळी बटणं पांढरी आणि बारीक, तिसरं मात्र तपकिरी, कोटाचं, आणि काळ्या दोऱ्याने असं लावलेलं की गाठीचा बोळा वर आलेला. ते बघून ह्यांचे हात शिवशिवायला लागले. काज-बटण माझं खातं, तरी मला न विचारता ह्यांनी ते कापलं, पांढरं लावलं आणि तपकिरी बटण जुन्या बटणांच्या डब्यात टाकून दिलं.

संध्याकाळी बाई आल्या. बाह्या त्यांनी बघितल्याच नाहीत, बोट थेट तिसऱ्या बटणावर गेलं. हे गालात हसत होते.

"ते आमच्या ह्यांनी लावलं होतं," बाई म्हणाल्या. "मी परगावी गेले होते तेव्हा. जन्मात तेवढं एकच बटण लावलं त्यांनी, आणि मी परत आले तर दारातच दाखवलं."

नवरा मागच्या वर्षी गेला, हे त्यांनी नंतर सांगितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते बटण शोधून ठेवा, उद्या येते, एवढंच म्हणून शर्ट ठेवून गेल्या, आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या ह्यांनी डबा चादरीवर उपडा केला. तीस वर्षांची बटणं ती, ढीग गुडघ्याएवढा. दुपारपर्यंत त्यातून कोटाची तपकिरी बटणं निघाली चौदा. सगळी चार भोकांची, सगळी एका मापाची. हे भिंग घेऊन भोकाभोकात काळ्या दोऱ्याचा धागा शोधत बसले. जेवणाचा डबा तसाच पडून. मी म्हटलं, लावा ह्यातलं कुठलंही, त्यांना काय कळणार?

"मला कळेल ना," हे म्हणाले.

मला राग आला आणि ह्यांची कीवही आली.

बाई आल्या तेव्हा ह्यांनी चौदा बटणं टेबलावर ओळीने मांडली आणि खाली मान घालून सांगितलं की चूक माझी, ह्यातलं कुठलं ते मला ओळखता येत नाही. मीही वैतागून बोलून गेले की सकाळपासून अन्नाचा कण पोटात नाही ह्यांच्या. बाईंनी ओळीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि डावीकडून पाचवं बटण उचललं.

"हेच. कडेला घासलंय ना, तेच हे."

मग काळा दोरा मागून घेतला आणि माझ्या स्टुलावर बसून स्वतःच लावलं. वाकडं लावलं, गाठ तर विचारू नका. हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. बाई उठल्या तसे हे हात धुवून जेवणाचा डबा उघडून बसले.

मी बाईंना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. म्हटलं, नशीब, तुम्ही ओळखलंत.

"कुठलं ओळखतेय? मला चौदाच्या चौदा सारखीच दिसली," बाई म्हणाल्या. "पण ते जेवायचे थांबले होते ना." शर्टाची पिशवी छातीशी धरून त्या निघून गेल्या.

मला तिथे रस्त्यातच रडू आलं. डोळे पुसून परत आले, तर हे शेवटचा घास खात होते. मला म्हणाले, बघ, म्हणत होतीस ना कुठलंही लावा, खरं ते बरोबर सापडलं की नाही?

मी म्हटलं, सापडलं, आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.