पुस्तकं वर, माणसं खाली

दादा गेला त्याला आता चार महिने झाले. भेटायला येणारे त्याच्या आजारपणाची चौकशी करतात. मी सांगते, पण माझ्या मनात तेव्हा वेगळंच चाललेलं असतं. मला तो सावित्रीच्या खाडीत, शिडाच्या मचव्याच्या तळाशी, पाण्यात बसून हसत असलेला दिसतो.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मुंबईत मावशीकडे राहून सातवीची फायनल परीक्षा दिली होती आणि वैशाखात दादाबरोबर पोलादपूरला परत चालले होते. दादा एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. सहा वर्षं लोकांकडे मागून मागून त्याने पुस्तकं जमवली होती. गावात वाचनालय काढायचं त्याच्या मनात होतं. पंचांनी देवळाशेजारची खोली द्यायचं कबूल केलं होतं, पण हसत हसत. "शेतीची कामं टाकून वाचत कोण बसणार रे?" असं त्यांनी विचारलं होतं. दादाकडे चार खोकी होती, घासलेटच्या डब्यांची असतात तसली, पुस्तकांनी गच्च भरलेली.

दासगावला लाँचमधून उतरून आम्ही महाडच्या मचव्यात बसलो. तांडेल महाडचा मुसलमान होता, पांढऱ्या दाढीचा; हाताखाली एकच खलाशी. आमच्याखेरीज दोन उतारू होते. एक महाडचे किराणा शेठ, भरभक्कम देहाचे. दुसरी कापडे गावची म्हातारी, गिरणीतल्या लेकाला भेटून परत चाललेली. भरती चढत होती, वारा पाठीमागून होता, शीड तट्ट फुगलं होतं. मी कडेवरून हात खाली सोडला तर पाणी बोटांना ओढत होतं. इतकं सुख वाटत होतं की महाड येऊच नये.

मग वारा एकाएकी पडला. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबायला लागलं. समोर आंबेनळीकडचे डोंगर मघाशी स्पष्ट दिसत होते, ते पुसून गेले होते. तांडेल ओरडला, "शीड उतरव! झटकन!" शीड अर्धं उतरतं न उतरतं तोच समोरून वळवाचा वारा आला आणि मचवा एका अंगावर कलला. मागोमाग पाऊस. एक लाट कडेवरून आत आली, मग दुसरी. बघता बघता तळाला गुडघाभर पाणी झालं.

दादाने खोकी मागच्या उंच फळ्यांवर ठेवली होती. तांडेलाचं तिकडे लक्ष गेलं.

"ती खोकी खाली टाका. वर वजन असलं तर मचवा उलटेल."

"खाली पाणी आहे," दादा म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी खोकी कवटाळली होती.

"मग खाडीत टाकतो."

दादाचा चेहरा कागदासारखा झाला. मग तो म्हणाला, "तांडेल, तुम्हाला वजन खाली पाहिजे ना?"

"हां."

"ते पुस्तकांचंच पाहिजे का?"

तांडेलाने त्याच्याकडे बघितलं, मग सावकाश शेठजींकडे बघितलं. एवढ्या पावसातही त्याच्या दाढीत हसू दिसलं.

"शेठ, खाली बसा."

"मी? अहो, माझं धोतर..."

"धोतर काय लग्नात न्यायचा हाय?" म्हातारी म्हणाली आणि लुगडं सावरून स्वतः आधी पाण्यात बसली. "बसा खाली! तुमी एकटे दोन खोक्यांना भारी हाव."

शेठ बसले. त्यांच्या बसण्याने पाणी आणखी चढलं, म्हणून म्हातारी त्यांच्यावर ओरडली. दादा बसला, मीही बसले. तांडेलाने उतरवलेलं शीड खोक्यांवर चौपदरी टाकलं आणि खलाशाने ते दोरीने आवळलं. "माणूस वाळतो," तांडेल म्हणाला, "कागद नाय वाळत." मचवा थोडा सावरला.

लाट आली की शेठ डोळे मिटून रामनाम घ्यायचे. म्हातारी तोंडावरचं पाणी पुसत म्हणाली, "मुंबैत लेकाच्या खोलीत दोन दिस आंगोळीला पानी नव्हता. आता घे किती घेतेस ती!" दादा जो हसत सुटला तो थांबेना. मग मीही हसले, आणि शेवटी शेठसुद्धा.

अर्ध्या तासाने वारा ओसरला. तांडेलाने मचवा काठाच्या एका आडोशाला नेऊन नांगर टाकला आणि खलाशी पाणी उपसायला लागला. ऊन पडलं. दादाने शीड बाजूला केलं. एका खोक्याचा कोपरा भिजला होता. बाकी सगळं कोरडं.

"काय हाय त्याच्यात?" म्हातारीने विचारलं.

"पुस्तकं, आजी."

"ता कळला मला. पुस्तकांत काय हाय? मी पान्यात बसले ती कशापायी, ता तरी सांग."

दादाने वरचंच एक पुस्तक काढलं. राजवाड्यातून हिऱ्यांचा हार चोरीला जातो, अशी गोष्ट होती. तो वाचायला लागला. शेठ धोतर पिळता पिळता थांबले. दुसऱ्या प्रकरणात म्हातारी म्हणाली, "या दिवाणाचा लक्षान बरा नाय." तांडेल नांगराच्या दोरीला हात घालून उभा होता. "एवढं पान होऊ दे," तो म्हणाला, "मग उचलतो." पान झालं. आणखी एक झालं. दोरी त्याच्या हातातच राहिली.

कितव्या पानावर कोण जाणे, मचवा हळूच एका अंगाला टेकला. खलाशी बाहेर डोकावून म्हणाला, "चाचा, पानी गेला."

ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. आम्ही चिखलात बसलो होतो.

"तीस वर्षांत माझी भरती चुकली नाय," तांडेल म्हणाला. दादाने पुस्तक मिटलं आणि तो माफी मागायला लागला.

"माफी राहू दे. आता पाणी यायला वेळ हाय. हार दिवाणानंच नेला ना?"

"दिवाण कसा नेईल?" शेठ म्हणाले. "ती दासी बघा, दासी!"

"आवो, दासी गरीब हाय, म्हनून तिच्यावर आळ!" म्हातारी उसळली.

पण पावसात हसून हसून आणि नंतर वाचून दादाचा आवाज बसला होता. त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. मी शाळेतसुद्धा इतकं हळू वाचायचे की मास्तरीणबाई कानाला हात लावून ऐकायच्या. मी नकारार्थी मान हलवली. म्हातारी सरकून माझ्याजवळ आली. तिचं ओलं लुगडं माझ्या गुडघ्याला लागलं.

"वाच गो. उजेड हाय तवर वाच. आन मोठ्यान."

मी वाचायला लागले. पान उलटताना मान वर केली तेव्हा दादा माझ्याकडे बघत नव्हता, पुस्तकाकडेही नाही. ओला सदरा तसाच अंगावर ठेवून तो ऐकत बसलेल्या तांडेल, शेठ आणि म्हातारी या तिघांचे चेहरे एकामागून एक बघत होता.