पुढच्या सीटचा मान

आमची व्हॅन म्हातारी झाली आहे, हे मी तिच्यासमोर कधी बोलत नाही. इंजिन पुढच्या सीटखाली, दार ओढलं की किंकाळी, आणि तोरा मात्र जमीनदाराचा. उन्हाळ्यात अर्ध्या किल्लीत सुरू. पावसाळ्यात तिची मर्जी. रात्री पाऊस झाला की सकाळी कधी सुरू व्हायची, कधी नुसतीच खोकायची. या ‘कधी’नं मला मागच्या रोवणीत भर चौकात नाचवलं.

शेत तलावाच्या पलीकडे. वाट चिखलाची, म्हणून धान रोवणाऱ्या बायांना व्हॅननंच न्यावं लागतं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून गुडघ्याला टेकले होते, मोठ्या मोठ्या बांध्या, बांधांमधली खाचरं, रोवायच्या राहिल्या होत्या, आणि बायांची टोळी सोमवारपासून दुसऱ्या शेतकऱ्याला कबूल होती. रविवारच्या आत रोवणं आटोपलं नाही, तर पऱ्हे तरी वाया किंवा मी तरी.

टोळीची मुकादमीण म्हणजे एक मावशी. वय साठीचं, जीभ विशीची. पुढची सीट तिची. तिला ती कुणी दिली नव्हती. पहिल्या दिवशी ती तिथं बसली आणि विषय संपला. बाकीच्या मागे, एकमेकींच्या मांडीवर.

त्या सकाळी मी किल्ली फिरवतोय, व्हॅन खोकतेय.

“बाबू, गाडीले काही खाऊ घालतेस का नाई?” मावशीनं विचारलं.

“भाऊच्या लग्नातली हाय म्हनते,” मागून एक बाई बोलली. “आता दोघंही थकले.”

“भाऊ तं सुरू होते ना?”

“ते वयनीले विचारा.”

“मले नोका विचारू,” आमची सौभाग्यवती ओट्यावरून म्हणाली. “पावसाळ्यात त्याईचंही असंच हाय.”

व्हॅन हसण्यानं हलली, सुरू मात्र झाली नाही. बारा वाजता ऊन पडल्यावर झाली. अर्धा दिवस गेला.

लाखनीच्या मिस्त्रीकडे नेली, तर त्याच्यापुढे ती अशी चालू झाली, जणू बघायला पाहुणे आलेली मुलगी. “गाडी टनाटन हाय. तुमी किल्ली बराबर फिरवत नसान,” असं म्हणत त्यानं प्लग बदलले. पाऊस आला, पुन्हा खोकला. मग कॉइल बदलली. पुन्हा खोकला. शेजाऱ्यानं बंपरवरचं लिंबू बदलून दिलं. त्या दिवशी सुरू झाली, म्हणून गावभर त्याचं नाव झालं. दुसऱ्या दिवशी बंद पडली, तेव्हा तो शेताला गेला होता.

खरा धागा बायकोच्या हाती लागला. मावशी एक दिवस वरठीला लेकीकडे गेली होती. त्या रात्री तर पावसानं कहर केला, आणि सकाळी व्हॅन पहिल्याच किल्लीला गुरगुरली.

“मावशी नसली का सुरू होते,” बायको म्हणाली.

मी हसलो. पण मावशी परतली, संध्याकाळी पावसात शेतावरून माझ्याशेजारी बसून आली, आणि सकाळी व्हॅन ठप्प. मी हसणं थांबवलं आणि पुढची सीट उचलली.

सीटचा स्पंज पाण्यानं टम्म फुगला होता. खालच्या पत्र्याला गंजून बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. त्यातून थेंब नेम धरून पडत होता, नेमका प्लगांना करंट वाटून देणाऱ्या टोपीवर. आणि पाणी कुठलं? बाकीच्या बाया पावसात प्लास्टिक पांघरायच्या. मावशीला बारदान्याचीच खोळ हवी, ऊब राहते म्हणून. गाडीत बसताना तोच भिजका बारदाना घडी करून ती खाली घ्यायची, माझी सीट चिखलानं खराब होऊ नये म्हणून. रात्रभर तो सौजन्यभाव इंजिनावर ठिबकायचा.

भोकाला ठिगळ लावायला मिस्त्री एक दिवस गाडी मागत होता. तो दिवस माझ्याकडे नव्हता. खताची प्लास्टिक पिशवी आत अंथरून पाहिली, ती इंजिनाच्या तापानं वितळली, आणि बाया नाकाला पदर लावून शेतावर पोहोचल्या.

राहिला एकच उपाय, मावशीला सांगणं. मी गावच्या नाटकात राजाची भूमिका केलेला माणूस, पण ते धाडस झालं नाही. मी सीटला आडवी दोरी बांधली आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, “सीट तुटली.”

मावशी मागे जाऊन बसली. दुसऱ्या सकाळी व्हॅन झकास सुरू झाली.

पण बाया बंद पडल्या. गाणं नाही, थट्टा नाही. मावशी मुकाट्यानं एकेक रोप असं रोवत होती, जणू देवघरात तुळस लावतेय, आणि बाकीच्या तिच्या मागे, तिच्याच चालीनं. दुपारपर्यंत अर्धी बांधीही झाली नाही.

“तुमी सांगता का मी सांगू?” भाकरी घेऊन शेतावर आलेल्या बायकोनं विचारलं.

मी बांधावर उभा राहून घसा साफ केला आणि विजेच्या वहनापासून सुरुवात केली.

“मावशी,” बायकोनं मला बाजूला सारलं, “तुमचा बारदाना इंजिनावर गळते. म्हून गाडी सुरू होत नाई.”

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अन् यानं दोरी बांधली? मी समजली, गरिबाची बाई समोर बसली तं याले लाज वाटते. तोंड नाई का रे तुले?”

“तोंडच तोंड हाय,” बायको म्हणाली. “कामाच्या वक्ती चालत नाई.”

मावशी आधी हसली, मग सगळी बांधी हसली. पुढं दिवस मावळेपर्यंत माझ्यावर गाणी रचली गेली. त्यांतली एकही इथं लिहिण्याजोगी नाही, पण हात असे चालले की पऱ्ह्याच्या जुड्या पुरवता पुरवता माझी धावपळ झाली.

संध्याकाळी मावशीनं दोरी स्वतः सोडली, पुढं बसली आणि बारदाना, पिळल्याशिवाय, माझ्या मांडीवर ठेवला.

“सांभाळ,” म्हणाली. “इंजिन भिजाले नोको.”

रविवारपर्यंत मी रोज तसाच गाडी चालवत आलो. पाणी पँटीतून चपलेत उतरायचं, आणि क्लच दाबला की पचपच वाजायचं. रविवारी दिवस मावळायच्या आत शेवटची बांधी हिरवी झाली, आणि शिंकांमुळे मला बायांचे नीट आभारही मानता आले नाहीत.